समोर जनावर हाय

करमरकर साहेबांकडून मला एक वाक्य हवं होतं. दगड नको होता, हार नको होते, स्मृतीची सायकलफेरी तर अजिबात नको होती. एक वाक्य, तेही त्यांच्या तोंडून आणि चारचौघांत: आम्हाला सावध केलं होतं, मी ऐकलं नाही, आणि मास्तर मला परत बोलवायला माझ्यामागे आले. वर्षभरात साहेब माझ्या वडिलांविषयी पुष्कळ बोलले. शोकसभेत बोलले, शाळेत बोलले, चांद्याच्या वाचनालयात बोलले. हे वाक्य तेवढं त्यांना सापडलं नाही.

बापूजी मूल गावच्या शाळेचे हेडमास्तर होते. मुखरू गुरनुले. आई मी कॉलेजात असतानाच गेली, मी नागपूरला मुलींच्या शाळेत मराठी शिकवायला लागले, आणि बापूजींना सोबत राहिली ती सायकलची. दोन-तीन सुट्या जोडून आल्या की ते निघायचे. कधी पोंभुर्णा, कधी वैनगंगा नावेतून ओलांडून गडचिरोली, कधी चांदा. परतले की पायांना तेल लावत बसायचे आणि वाटेत काय काय दिसलं ते सांगायचे. रानगव्यांचा कळप, कोळसुंद्यांनी पळवलेलं चितळ, मोहाखाली झिंगल्यासारखं चालणारं अस्वल.

मग आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला आणि पुण्याकडचे अधिकारी इकडे येऊ लागले. करमरकर त्यांतले. शाळा तपासायचं काम. पहिल्याच तपासणीत त्यांनी चौथीतल्या एका मुलीला उभं केलं आणि उशीर का झाला ते विचारलं. ती म्हणाली, "मी नाल्यावर गेलो होतो जी."

"गेलो? तू मुलगा आहेस का गं?"

त्यांनी पुन्हा विचारलं, पुन्हा, वर्ग हसेपर्यंत. नंतर ऑफिसात चहा घेताना बापूजींना म्हणाले, "मास्तर, गणित-भूगोल राहू द्या. आधी यांची भाषा धुऊन काढा." बापूजींनी मला हे हसत सांगितलं होतं. मला हसू आलं नव्हतं.

पण साहेबांनाही सायकलचा नाद होता. तीन गिअरची विलायती सायकल होती त्यांची. त्यामुळे दोघांचं जमलं. गेल्या वर्षी गुड फ्रायडेला जोडून सुट्या आल्या तेव्हा दोघं मिळून निघाले. चांद्याहून मूलकडे परत येताना, केळझरच्या अलीकडे, नाल्याच्या वळणावर वाघिणीनं बापूजींना धरलं. बैलगाडी येईपर्यंत ते गेलेले होते.

साहेबांची हकिकत अशी की रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, जनावरानं अचानक झडप घातली, मास्तर दुर्दैवी. पुढे पुढे तिला एक शेपूट फुटलं. या जंगलातल्या लोकांना ठाऊक असतं हो, पण सांगत नाहीत. ते जंगलखात्याच्या नाकेदाराच्या कानावर गेलं आणि त्यानं रस्त्याकडेच्या मोहांची फुलं वेचणं शेजारच्या टोल्याला, त्या छोट्या वस्तीला, बंद केलं. न सांगणाऱ्यांना शिक्षा.

दिवाळीच्या सुटीत मी त्या टोल्यावर गेले. बुधरी नावाची बाई भेटली, बापूजींच्या वयाची. अंगणात सूप पाखडत होती. मी कोण ते कळल्यावर तिनं सूप खाली ठेवलं.

"म्या सांगतलं ना बाई," ती म्हणाली. "मोहाखाली होतो मी. हे दोघं आले. म्या म्हणलं, थांबा जी, समोर जनावर हाय. मास्तर उतरले खाली. सायेब हासला. म्हणला, म्हशी असतील, घंटा वाजवू. न गेला टिंग टिंग करत."

"मग?"

"मास्तर वरडले त्याच्यावर. सायेब, वाघ हाय, वाघ! नाव घेतलं जी त्याईनं." तिनं आवाज खाली आणला. "नाव नाई घेत कोनी तिथी. त्याईले मालूम होतं. पन त्या सायेबाले समजावं म्हणून घेतलं. न मंग बसले सायकलवर न गेले त्याच्या मांगं. ते मारल्या ढोरावर बसून होती नाल्यात. घंटीनं उठली. सायेब निंगून गेला. मांगचा सापडला."

"तुम्हाला कोणी विचारलं नाही?"

"कोन इचारते? सायेब सांगून राह्यला होता, सारे आयकून राह्यले होते."

आमच्याकडे गाईम्हशी म्हणजे ढोरं. जनावर म्हणजे तो एकच, ज्याचं नाव घ्यायचं नसतं. पुण्याकडे म्हैसही जनावर आणि सापही जनावर. साहेबांना कळलं नाही, हे मला पटतं. घंटेच्या आवाजात बापूजींची हाक ऐकू गेली नसेल, हेही मी मान्य करते. चूक मी माफ केली असती. मराठी शिकवते मी. एका शब्दाचे दोन अर्थ होतात हे मला कोणी सांगायला नको. पण रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, हे वाक्य चुकीचं नव्हतं, खोटं होतं. रचलेलं होतं.

आणि वर्ष भरलं तेव्हा त्यांनी दगड कोरून घेतला.

मी आगगाडीच्या ब्रेकव्हॅनमधून माझी सायकल घेऊन चांद्याला आले. मागच्या चाकाला पदरासाठी जाळी लावलेली लेडीज सायकल, बापूजींनीच घेऊन दिलेली. जटपुरा दरवाज्याशी साहेब उभे होते, बरोबर बापूजींच्या शाळेतले वासेकर मास्तर. शाळेतली बाकीची मंडळी मूललाच थांबणार होती. वाटेत दगडाचं अनावरण, दुपारी शाळेत सभा, दुसऱ्या दिवशी गडचिरोलीपर्यंत फेरी, असा साहेबांचा बेत.

"इंदुताई, तुम्ही खरंच आलात," साहेब म्हणाले. "मास्तरांना किती बरं वाटलं असतं."

मी पायडल मारलं.

रस्ता मुरमाचा होता, उन्हाळ्यानं सुटलेला. बांबूनं भरलेला एखादा ट्रक गेला की बराच वेळ काही दिसत नसे. लोहारा मागे पडलं आणि दोन्हीकडून जंगल जवळ आलं. साग उघडावाघडा, पळसाची फुलं सरत आलेली, आणि हवेत मोहाचा तो गोड, आंबूस वास. साहेब मध्ये चालले होते आणि बोलत होते. त्यांना बोलल्याशिवाय सायकल चालवता येत नाही.

"काय हो वासेकर, तुमच्याकडे सगळं करून राह्यलो, जाऊन राह्यलो. राहता कुठे नेमके?"

"तिथीच राह्यतो साहेब, करता करता," वासेकर म्हणाले. "आमच्या झाडीत भाडं नाई लागत."

साहेब मोठ्यानं हसले. वासेकरही हसले, साहेबांच्या हसण्याच्या मापानं. त्यांची बदली साहेबांच्या हातात होती. मला ते माहीत होतं, तरी मला त्यांचाही राग आला.

चिचपल्लीला पाणी प्यायला थांबलो. साहेबांनी स्वतःच्या पिशवीतून खजूर काढून आधी माझ्यापुढे धरले. "चढ आहे पुढे. दमलात तर सांगा, आपण सावकाश जाऊ." ते खोटं नव्हतं. त्यांना माझी काळजी होती. बापूजींसाठी त्यांच्या डोळ्यांत पाणी येताना मी पाहिलं होतं. म्हणून तर अंगाची लाही होत होती. या माणसाला रडता येत होतं आणि खरं बोलता येत नव्हतं.

"साहेब," मी म्हटलं, "दगडावर काय लिहिलंय?"

"साधंच हो. नाव, हुद्दा. व्याघ्राने अचानक घाला घातल्याने या स्थळी देहावसान."

"अचानक."

"हो." त्यांनी खजुराची बी दूर फेकली. "का?"

"काही नाही. व्याकरण बरोबर आहे."

पुढचा चढ मी सर्वांच्या पुढे चढले.

वळणाच्या थोडं अलीकडे एक मोठा मोह आहे. त्याच्याखाली पिवळी फुलं सांडली होती आणि दोन बाया टोपल्या घेऊन वाकलेल्या. एक बुधरी होती. मी उतरून जवळ गेले. वासेकर तिला ओळखत होते.

"काऊन बुधरीबाई, हे झाड बंद हाय ना तुमाले?"

"बंद हाय म्हणतेत," ती फुलं वेचतच म्हणाली. "मोहाले नाई सांगतलं कोनी. तो पडून राह्यला." मग तिनं मला पाहिलं आणि उठून आली. "बाई, तुमच्या बापूजीचा ढीग फेकला जी त्याईनं."

वाघानं माणूस नेला त्या जागी आमच्याकडे येणारा-जाणारा एक डहाळी टाकतो, नाहीतर दगड. गाडीवानही उतरून टाकतो. दिवाळीत मी पाहिला तेव्हा बापूजींचा ढीग माझ्या कमरेएवढा झाला होता. दगड बसवायला आलेल्या लोकांनी तो नाल्यात लोटला होता.

मी साहेबांकडे पाहिलं. ते सायकलला टेकून रुमालानं मान पुसत होते. "कचरा होता तिथं," ते म्हणाले. "चौथरा नीट बसवायला जागा साफ करावी लागली."

मी सायकलकडे वळले. तोंड उघडलं असतं तर जे बाहेर आलं असतं ते बापूजींना आवडलं नसतं.

साहेब सायकलवर बसले. "चला. दगड त्या वळणावरच आहे, कापड लावून ठेवलंय." त्यांनी पायडल मारलं, वासेकरांनी मारलं. तेवढ्यात पुढच्या बांबूत वानर खेकसलं. एकदा, मग थांबून पुन्हा. बुधरीनं मान वर केली. हवा आमच्याकडे येत होती.

"थांबा जी," ती म्हणाली. मोठ्यानं नाही. "समोर जनावर हाय."

साहेबांनी दोन्ही ब्रेक असे दाबले की मागचं चाक मुरमावर आडवं गेलं आणि ते एका गुडघ्यावर खाली आले. सायकल त्यांच्यावर. चेहरा पांढराफटक.

मी त्यांच्यापाशी गेले. माझा आवाज वर्गात असतो तसाच निघाला.

"म्हशी असतील, साहेब. घंटा वाजवा."

हे शब्द तिघांनी ऐकले होते. त्यांतला एक मेला होता, एकीला कोणी विचारलं नव्हतं आणि तिसरे ते स्वतः.

मग ती आली. बांबू हलला नाही, आवाज झाला नाही. रस्त्याच्या कडेला नुसतं गवत होतं आणि नंतर तिथं वाघीण होती. शिकाऱ्यांनी गेल्या उन्हाळ्यात या भागात दोन वाघ मारले. ही तीच होती की दुसरी, कोण सांगणार? तिनं आमच्याकडे एकदा पाहिलं आणि आम्ही तिच्या कामाचे नाही असं ठरवलं. वासेकरांचा श्वास मला ऐकू येत होता. मला वाटलं होतं, वाघ दिसला तर मी द्वेषानं पेटेन. पण तिचा राग आलाच नाही. ती कोणाशी खोटं बोलली नव्हती.

ती रस्ता ओलांडून चौथऱ्याशी गेली. नवा दगड, वर पांढरं कापड. तिनं ते हुंगलं. तोंड वाकडं केलं. मग वळली, शेपूट उभी केली आणि त्या कापडावर, दगडावर, अक्षरांवर पिचकारी मारली. जरा थांबून आणखी एकदा. आणि सावकाश नाल्यात उतरून गेली.

वानर गप्प झालं. वासेकर म्हणाले, "साहेब, अनावरण झालं."

बुधरी तोंडावर पदर घेऊन हसली. मीही हसले असेन. साहेबांना ते सहन झालं नाही. ते उठले, गुडघ्यातून रक्त येत होतं, आणि ओरडले, "हसता काय? मला काय स्वप्न पडलं होतं, तुमच्याकडे वाघाला जनावर म्हणतात ते? साध्या माणसानं काय समजायचं? वाघ म्हणा ना सरळ! ती बाई वाघ म्हणाली असती तर मी थांबलो नसतो?"

दगडावरून वाघिणीचा उग्र वास येत होता.

"म्हंजे," वासेकर हळूहळू म्हणाले, "सांगतलं होतं का तुमाले कोनी, साहेब?"

साहेबांनी सायकल उचलली आणि हँडल सरळ करायला लागले. ते सरळच होतं.

"हे सभेत सांगा," मी म्हटलं. "आता ओरडलात ते नव्हे. जे झालं ते."

"इंदुताई, झालं गेलं. त्यानं मास्तर परत येणार आहेत का?"

"नाही. पण ते तुमच्यासाठी ज्याचं नाव घेत नाहीत त्याचं नाव घेऊन गेले. आणि तुम्ही सांगता चिटपाखरू नव्हतं. ही बाई चिटपाखरू आहे?"

"मी नोकरी करतो हो. सरकारी माणूस आहे मी."

"बापूजीही होते."

उरलेल्या रस्त्यात ते एक शब्द बोलले नाहीत. केळझर गेलं, मूल आलं. सकाळपासून एवढ्या शांततेत आम्ही सायकल चालवली नव्हती.

शाळेच्या पटांगणात कडुनिंबाखाली सतरंज्या घातल्या होत्या. पुढे मुलं, मागे गाव. बापूजींचा फोटो खुर्चीत, त्याला हार. साहेब उभे राहिले. गुडघ्याला रुमाल बांधलेला. सुरुवात नेहमीची झाली, कर्तव्यनिष्ठा, निसर्गप्रेम. मी मागे बायकांत बसले होते आणि नखं तळहातात रुतवत होते. मग ते थांबले, पाणी प्यायले आणि म्हणाले:

"त्या दिवशी, पुढे जनावर असल्याची सूचना देण्यात आली होती. दुर्दैवाने ती समजून घेतली गेली नाही. हे आज सांगणं योग्य वाटतं."

आणि पुढचा कागद उलटला.

बापूजी व्याकरण शिकवायचे तेव्हा फळ्यावर वाक्य लिहून खडू उगारायचे आणि विचारायचे, "कर्ता कोण?" कर्ता लपून बसला असेल तर त्याले कानाला धरून भायेर काढा, म्हणायचे. समोर बसलेलं प्रत्येक मूल त्या प्रश्नावर वाढलेलं होतं. मी उठून उभी राहिले.

"साहेब, कर्ता कोण?"

मुलांच्या माना एकदम वळल्या.

"बाई, ही सभा..."

"सूचना कोणी दिली?"

साहेबांनी वासेकरांकडे पाहिलं. त्यांनी नेहमीसारखं सावरून घ्यावं म्हणून. वासेकर हार ठेवायच्या टेबलाशी उभे होते. खाली बघत ते म्हणाले, "सांगा ना जी, साहेब."

"एका बाईनं," साहेब म्हणाले. "बुधरी नावाच्या."

"कोणाला दिली?"

"आम्हाला."

"समजून कोणी घेतली नाही?"

साहेबांनी चष्मा काढला. चष्म्याशिवाय त्यांचा चेहरा एखाद्या उत्तर न येणाऱ्या मुलासारखा दिसत होता. मला दया आली नाही.

"मी," ते म्हणाले. "मास्तर उतरले होते. त्यांना कळलं होतं. मी हसलो आणि पुढे गेलो. ते मला थांबवायला आले."

एवढं बोलून ते खाली बसले. टाळ्या वाजल्या नाहीत. कोणाला काय करावं कळेना, म्हणून मुलांना गूळ-शेंगदाणे वाटायला सुरुवात झाली.

मला वाटलं होतं, वाक्य मिळालं की राग उतरेल. उतरला नाही. एक वाक्य, आणि तेही ओढून काढावं लागलं, शब्द शब्द करून, मठ्ठ पोराकडून काढतात तसं. रात्री शाळेतल्या बापूजींच्या खोलीत मी पडून राहिले. भिंतीवर त्यांची सायकल टांगलेली होती, पुढचं चाक वाकडं.

सकाळी फेरी गडचिरोलीकडे जायची होती. मी उलट निघाले, केळझरकडे. वळणावर पोचले तेव्हा बुधरी नाल्यात उतरून डहाळ्या वर फेकत होती. तिचा नवरा चैतू वर उभा राहून रचत होता. चौथऱ्याला टेकूनच ढीग पुन्हा उभा राहत होता, कापडावर, अक्षरांवर. दगडाला अजून वास येत होता.

"सांगतलं का सायेबानं?" खालूनच तिनं विचारलं.

"सांगितलं. तुमचं नाव घेऊन."

"साऱ्याईसमोर?"

"साऱ्या मूलसमोर."

ती वर आली. हातातली डहाळी तिनं माझ्याकडे दिली, आणि मी ती ढिगावर ठेवली. मग ती कमरेवर हात ठेवून विचार करत उभी राहिली.

"नाकेदार होता का तिथी?"

"नव्हता."

"मंग त्याले कोन सांगन?" ती म्हणाली. "मोह तर पडून राह्यला ना बाई. दहा-बारा दिवसाचा खेळ हाय. मंग काय कामाचं?"

चैतू म्हणाला, "जाऊ दे ना वं. बाईले काऊन तरास?"

"तरास कायचा? सायेब बोलला ना? मंग त्याले म्हणा, एक डाव अजून बोल, नाकेदारासमोर."

उन्हं वर यायला लागली होती. साहेब फेरीला निघाले असतील किंवा नसतील. तिसऱ्या गिअरवर टाकली तर त्यांची सायकल फार जोरात जाते, पण त्यांचा गुडघा दुखावलेला होता.

मी सायकल मूलकडे वळवली.